नागपुरात एक इंजिन पेटते राहावे

नागपूर रेल्वेस्थानकाची आजची दगडी इमारत १५ जानेवारी १९२५ रोजी मध्य प्रांताचे तत्कालीन गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या हस्ते सुरू झाली. सावनेरच्या वालुकाश्मात बांधलेल्या या इमारतीला २०२५च्या जानेवारीत शंभर वर्षे पूर्ण झाली. त्याआधी, ११ डिसेंबर २०२२ रोजी, पंतप्रधानांच्या हस्ते या स्थानकाच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली होती. या कामाचा अंदाजित खर्च सुमारे ५९० कोटी रुपये आणि शेजारच्या अजनी स्थानकाचा सुमारे ३६० कोटी रुपये सांगण्यात आला. सरकते जिने, प्रशस्त प्रतीक्षालये, वाहनतळ यांची नागपूरला गरज आहे आणि त्यांबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्या शहराची आधुनिक घडण रेल्वेने केली, त्या शहरात रेल्वेचा इतिहास पाहायला आलेल्या माणसाला आपण काय दाखवणार आहोत? जुनी कमान, तिच्यावर सोडलेला रंगीत प्रकाशझोत आणि चौथऱ्यावर उभे केलेले, काळा-लाल रंग दिलेले एक थंड इंजिन एवढ्यावर आपण समाधान मानणार असू, तर ते पुरेसे नाही असे मला वाटते. नागपुरात किमान एक वाफेचे इंजिन चालत्या अवस्थेत असले पाहिजे, ते वर्षातल्या ठरावीक दिवशी लोकांना घेऊन धावले पाहिजे आणि त्याची तयारी आजच सुरू झाली पाहिजे. घाई कशासाठी, हे पुढे सांगतोच.

हा आग्रह नागपूरसाठीच का, हे आधी स्पष्ट करायला हवे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची भुसावळहून निघालेली लाईन वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपुरात पोहोचली. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावून तेव्हा जेमतेम चौदा वर्षे झाली होती. ही लाईन इतक्या लवकर इकडे आली त्याचे कारण वऱ्हाडचा कापूस होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि त्यांची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. पुढे जमशेटजी टाटांनी मुंबई-अहमदाबाद सोडून आपली एम्प्रेस मिल नागपुरात काढली आणि १ जानेवारी १८७७ रोजी ती सुरू झाली. कापूस दाराशी, कोळसा वरोऱ्याला आणि माल न्यायला रेल्वे, हा त्यांचा हिशेब होता. त्यानंतर नागपूर-छत्तीसगड रेल्वेची मीटरगेज लाईन राजनांदगावपर्यंत गेली. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने ही लाईन ताब्यात घेऊन ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची, केली आणि नागपूरचे नाव थेट कलकत्त्याशी जोडले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी याच कंपनीने सातपुड्याच्या डोंगराळ मुलखात अडीच फूट रुंदीच्या नॅरोगेज रुळांचे जाळे विणले. गोंदिया, नैनपूर, जबलपूर, छिंदवाडा, नागभीड ही सारी नावे ज्या छोट्या लाईनीने एका सुतात ओवली, तिचा कारखाना नागपुरात मोतीबागेत होता. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारे रूळ एकमेकांना छेदतात ते डायमंड क्रॉसिंग पाहायला आजही देशभरातले हौशी लोक नागपुरात येतात. एवढा वारसा असलेल्या शहराला वाफेचे इंजिन केवळ चित्रात दाखवावे लागणे योग्य नव्हे.

मोतीबागेतले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहेच की, असे कोणी म्हणेल. १४ डिसेंबर २००२ रोजी सुरू झालेल्या या संग्रहालयाबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. ज्या काळात भंगाराच्या लिलावात सगळे एका भावात जात होते, त्या काळात कोणा अधिकाऱ्यांनी आणि कामगारांनी ही इंजिने, डबे, सिग्नलचे कंदील, टोकन-यंत्रे, तिकिटांची कपाटे बाजूला काढून ठेवली नसती, तर आज बोलायलाही काही उरले नसते. कामठी रोडवरच्या त्या झाडांखाली सुटीच्या दिवशी मुले खेळण्यातल्या गाडीत बसतात आणि आजोबा नातवाला इंजिनाची चाके दाखवतात, हे लहान काम नाही. पण तिथली इंजिने थंड आहेत, आणि थंड इंजिन पाहून वाफेच्या इंजिनाविषयी जे कळते ते फार थोडे असते. त्याचा आकार कळतो, वजनाचा अंदाज येतो, बनावटीची पाटी वाचता येते. ते कसे जगत होते आणि त्याच्याबरोबर माणसे कशी जगत होती, हे मात्र कळत नाही.

डिझेल किंवा विजेचे इंजिन बटण दाबून सुरू होते. वाफेचे मोठे इंजिन थंड असेल तर ते सुरू करायला रात्र जाते. आधी बॉयलरमध्ये पाणी भरायचे, काचेच्या नळीत त्याची पातळी पाहायची, मग भट्टीच्या जाळीवर लाकडे आणि तेलात भिजवलेल्या चिंध्या रचून विस्तव धरायचा आणि वर थोडा थोडा कोळसा टाकत जायचे. इथे घाई केली तर तांब्या-पोलादाचे पत्रे आणि नळ्या कमीजास्त प्रमाणात फुगतात, सांधे गळू लागतात आणि इंजिन रुळावर येण्याआधीच दुरुस्तीला जाते. दाब चढायला अनेक तास लागतात. देशभर मेल-एक्सप्रेस गाड्या ओढणाऱ्या डब्ल्यूपी जातीच्या इंजिनात तो चौरस इंचाला २१० पौंडांपर्यंत न्यावा लागे. भट्टीच्या छतात शिशाची एक डाट बसवलेली असते. पाण्याची पातळी धोक्याच्या खाली गेली की ती वितळते, वाफ आगीवर पडते आणि चालकाला इशारा मिळतो. ही डाट वितळू देणे हा लोको शेडमध्ये नाचक्कीचा विषय असे, कारण त्याचा अर्थ ड्रायव्हर आणि फायरमन दोघांचेही पाण्याकडे लक्ष नव्हते.

फायरमनचे काम बाहेरून केवळ अंगमेहनतीचे दिसते. प्रत्यक्षात ते डोक्याचे काम आहे. फावडाभर कोळसा भट्टीच्या कोणत्या कोपऱ्यात किती टाकायचा, थर कुठे पातळ ठेवायचा, चढ लागण्यापूर्वी किती आधी आग वाढवायची, स्थानकात शिरताना ती कधी आवरायची, धुराच्या रंगावरून काय ओळखायचे, हे सारे त्याला धावत्या, हलत्या तक्त्यावर उभे राहून ठरवावे लागे. चिमणीतून दाट काळा धूर निघाला की कोळसा वाया जातो आहे हे त्याला कळे. छायाचित्रकारांना तो धूर आवडतो, पण जाणत्या फायरमनला त्याची लाज वाटे. पुढे ड्रायव्हर आवाजावरून इंजिनाची प्रकृती सांगत असे. पिस्टनची कडी झिजली, व्हॉल्व्हची वेळ चुकली, बेअरिंग तापू लागले, हे कोणत्याही यंत्रावर उमटायच्या आधी त्याच्या कानाला समजे. विदर्भातल्या जड पाण्यामुळे बॉयलरच्या नळ्यांत क्षारांची पुटे बसत, म्हणून ठरावीक दिवसांनी बॉयलर धुवावा लागे, आणि त्या धुण्याचेही शास्त्र होते.

हे ज्ञान पुस्तकात पूर्णपणे उतरलेले नाही आणि उतरू शकतही नाही. ते हातात, कानात आणि नाकात असते. भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेजवर वाफेची नियमित सेवा डिसेंबर १९९५ मध्ये संपली. आपल्या जवळचे उदाहरण घ्यायचे तर मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणाऱ्या ‘शकुंतला’ या नॅरोगेज गाडीचे १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ रोजी काढून घेण्यात आले आणि त्याच्या जागी डिझेल आले. तेव्हा जो फायरमन तिशीत होता तो आज साठी ओलांडून गेला आहे, आणि ज्याने पुरती वीस-पंचवीस वर्षे वाफेवर काढली तो ऐंशीच्या घरात आहे. अजनी, मोतीबाग, इतवारीच्या रेल्वे वसाहतींतून निवृत्त होऊन शहराच्या निरनिराळ्या भागांत राहणारी ही माणसे दर वर्षी कमी होत आहेत. दगडी इमारत आणखी दहा वर्षांनीही दुरुस्त करता येईल, कारण दगड थांबतो. ही माणसे थांबणार नाहीत. घाई कशासाठी याचे हे उत्तर आहे.

चालते इंजिन ठेवण्याचा एक मोठा फायदा असा की ते स्वतःभोवती कारागिरी जिवंत ठेवते. इंजिन चालवायचे तर पिस्टनच्या कड्या घडवाव्या लागतात, बेअरिंगमध्ये पांढरा धातू ओतावा लागतो, नळ्या बदलाव्या लागतात, बॉयलरची वेळोवेळी पाण्याच्या दाबाने चाचणी घ्यावी लागते. हे अशक्य कोटीतले काम नाही. निलगिरीच्या दातेरी रुळांवर चालणारी वाफेची नवी इंजिने तिरुचिरापल्लीजवळच्या गोल्डन रॉक कारखान्याने याच शतकात बांधली आहेत. हरियाणातल्या रेवाडीची १८९३ची लोको शेड आज वाफेच्या इंजिनांचे घर आहे आणि तिथली इंजिने अधूनमधून गाड्या घेऊन निघतात. १८५५ साली लीड्समध्ये बांधलेले फेअरी क्वीन हे इंजिन १९९७ मध्ये पुन्हा रुळावर आले आणि नियमित सेवेतले जगातले सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून त्याची गिनेस बुकात नोंद झाली. त्याच इंजिनाचे महत्त्वाचे भाग ते शेडमध्ये बंद उभे असताना चोरीला गेले आणि पेरांबूरच्या कारखान्यात त्याची नव्याने दुरुस्ती करावी लागली. मला या घटनेतून मोठा धडा दिसतो. चालणाऱ्या इंजिनावर दररोज कोणाचे तरी लक्ष असते. उभ्या इंजिनाचे पितळ कधी गेले, हे पुष्कळदा पुढच्या रंगकामाच्या वेळीच कळते.

नागपूरला तर यासाठी लागणारे बरेच काही हाताशी आहे. विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे, शासकीय तंत्रनिकेतन आणि आयटीआय आहेत, हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींत ओतकाम आणि यंत्रकाम करणारी दुकाने आहेत. वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय याच शहरात आहे आणि मँगनीज काढणाऱ्या मॉयलचेही. या दोन्ही कंपन्यांच्या खाणींचा माल सुमारे शंभर वर्षे वाफेच्या इंजिनांनीच वाहिला. सामाजिक दायित्वाच्या निधीतून त्यांनी एका इंजिनाचे पालकत्व घेतले तर ते अनाठायी ठरणार नाही. यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला उष्णतागतिकीचा सिद्धान्त फळ्यावर शिकवला जातो. तोच सिद्धान्त उघड्यावर, तेलाच्या वासासह, डोळ्यांसमोर काम करताना पाहण्याची संधी त्याला आपल्याच गावात मिळावी, ही अपेक्षा जास्त नाही.

या मागणीवर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि त्यांतला एकही पोकळ नाही. पहिला आक्षेप पैशाचा. जनरल डब्यात माणसे दाराला लोंबकळत प्रवास करतात, अनेक पॅसेंजर गाड्या कोविडनंतर पूर्ववत झालेल्या नाहीत, आणि अशा वेळी हौसेच्या गाडीवर सरकारी पैसा का घालायचा, असे विचारणाऱ्याला झिडकारून चालणार नाही. जनरल डबे वाढलेच पाहिजेत. परंतु स्थानकाच्या पुनर्विकासात दर्शनी भागाची सजावट, प्रकाशयोजना, व्यापारी गाळे यांवर जो खर्च होतो तो जनरल डब्यांच्या नावाने कोणी थांबवत नाही. मग हा हिशेब केवळ इतिहासाची गोष्ट निघाली की का पुढे येतो? वाफेच्या गाडीचे तिकीट परवडेल तेवढे महाग ठेवावे, चित्रीकरणासाठी शुल्क घ्यावे, आणि महापालिका व जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांसाठी एक डबा विनामूल्य राखून ठेवावा. या गाडीचे रूपांतर श्रीमंत पर्यटकांच्या आलिशान सहलीत झाले तर तिला पहिला विरोध मी करीन.

दुसरा आक्षेप धुराचा. कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांच्या सावलीत राहणाऱ्या नागपूरकराला कोळशाचा धूर काय असतो हे सांगण्याची गरज नाही. वीजकेंद्रे बारा महिने अहोरात्र कोळसा जाळतात, तिथे हिवाळ्यातल्या मोजक्या दिवशी काही तास चालणाऱ्या एका इंजिनाचा वाटा नगण्य आहे. तरीही मोठी वीजकेंद्रे दूषित करतात म्हणून छोट्याने दूषित करावे, हा युक्तिवाद मी करणार नाही. इंजिन पेटवण्याचे काम वस्तीपासून दूर शेडमध्ये व्हावे, ते गर्दीच्या फलाटावर तासन्‌तास उभे ठेवू नये आणि आग कशी राखायची हे जाणणाऱ्याच्याच हाती फावडे द्यावे, एवढी पथ्ये पाळली तर हा आक्षेप बराचसा निवळतो. एप्रिल-मे महिन्यांत मात्र विदर्भात वाफेचे इंजिन चालवूच नये. वाळलेले गवत आणि इंजिनातून उडणाऱ्या ठिणग्या यांचा संबंध जुन्या गँगमननी चांगलाच पाहिलेला आहे. चिमणीत ठिणग्या अडवणारी जाळी असते, पण पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तिच्यावर भिस्त ठेवणे शहाणपणाचे नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच हंगाम योग्य.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रेल्वे ही इंग्रजांनी आपल्या सोयीसाठी आणली, मग तिच्या इंजिनांचे कौतुक आपण का करावे? या प्रश्नात तथ्य आहे. वऱ्हाडचा कापूस आणि मध्य प्रांताचा गहू बंदरांकडे वेगाने जावा यासाठी रूळ टाकले गेले, हे नाकारता येत नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतात माणसे अन्नाविना मेली. त्याच रुळांवरून धान्य आत आले हे जसे खरे आहे, तसेच आदल्या वर्षांत ते त्याच रुळांवरून बाहेर गेले होते आणि भाव गरिबाच्या आवाक्याबाहेर गेले होते, हेही खरे आहे. रुळांखालच्या स्लीपरांसाठी मंडला-बालाघाटकडची सालवने तोडली गेली. मेल गाड्यांवरचे ड्रायव्हर दीर्घकाळ गोरे किंवा अँग्लो-इंडियन असत. भट्टीसमोर फावडे मारणारा, रूळ बदलणारा, दगडी कोळसा टोपल्यांनी वाहणारा मात्र इथला माणूस असे, आणि कोळसा वाहणाऱ्यांत बायकाही असत. वरची जागा त्याला लवकर मिळत नसे.

पण हा इतिहास सांगायचा कुठे? तो सांगण्यासाठीच चालते इंजिन हवे, असे माझे म्हणणे आहे. माणसे फलक वाचायला येत नाहीत. ती इंजिन पाहायला येतात, आणि आली की त्यांना गोष्ट सांगता येते. ती गोष्ट गोऱ्या इंजिनियरांच्या कर्तबगारीची तेवढी नसावी. बंगाल-नागपूर रेल्वेच्या कामगारांनी १९२८ मध्ये नोकरकपातीविरुद्ध संप केला आणि त्याचे नेतृत्व पुढे राष्ट्रपती झालेल्या व्ही. व्ही. गिरींनी केले, हे त्या गोष्टीत यायला हवे. डिसेंबर १९२० मध्ये नागपूर काँग्रेसला देशभरातून प्रतिनिधी आले, १९५६ च्या ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर लाखोंचा जनसागर लोटला आणि आजही दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला रेल्वे भरभरून येतात, हेही त्यात असावे. संत्र्याच्या पेट्या, हलबा विणकरांच्या साड्यांचे गठ्ठे, भिवापूरची मिरची, उमरेडचा कोळसा हे सारे ज्या गाड्यांनी वाहिले त्यांचा इतिहास हा इंग्रजांचा राहिलेला नाही. त्या गाड्या पुढे आपल्याच माणसांनी चालवल्या. चित्तरंजनच्या कारखान्याने १९५० पासून वीस वर्षांत दोन हजारांहून अधिक वाफेची इंजिने बांधली. त्यांतले ब्रॉडगेजचे अखेरचे इंजिन १९७० मध्ये बाहेर पडले आणि त्याचे नाव ‘अंतिम सितारा’ ठेवले गेले. स्वतंत्र भारताच्या कामगारांनी घडवलेले इंजिन वसाहतवादाची खूण म्हणून टाकून देणे हा त्या कामगारांवर अन्याय होईल.

छोट्या लाईनीबद्दल इथेच बोलून घेतो, कारण वारशाची भाषा करणारे लोक गावकऱ्यांच्या अडचणी विसरतात असा आरोप होतो. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज २०१५ मध्ये बंद झाली आणि नागपूर-नागभीड नोव्हेंबर २०१९ मध्ये. या दोन्ही मार्गांचे ब्रॉडगेज व्हावे ही तिथल्या लोकांची मागणी होती आणि ती पूर्णपणे रास्त होती. उमरेड-भिवापूरच्या माणसाने आपल्या डोळ्यांच्या कौतुकासाठी ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या गतीने प्रवास करत राहावे, असे म्हणण्याचा अधिकार शहरातल्या कोणालाही नाही. मला खेद याचा वाटतो की एवढ्या मोठ्या जाळ्यातला चार-पाच किलोमीटरांचा एखादा तुकडाही, कुठे वळणासह, कुठे पुलासह, चालता ठेवण्याचा विचार वेळेवर झाला नाही. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-शिमला या छोट्या लाईनी जागतिक वारसा यादीत गेल्या. सातपुड्याची लाईन यांच्याइतकीच देखणी होती, पण तिच्या बाजूने बोलणारे पुरेसे लोक उभे राहिले नाहीत.

आता प्रत्यक्ष काय करता येईल. माझ्या मते रामटेकचा फाटा यासाठी सर्वांत योग्य आहे. कन्हानहून फुटणारी ही ब्रॉडगेज शाखा रामटेकला संपते, तिच्यावर मुख्य मार्गाची गर्दी नाही आणि इतवारीहून निघालेली गाडी कामठी-कन्हान करत अर्ध्या दिवसात जाऊन येऊ शकते. टोकाला गड आहे, राममंदिर आहे, अंबाळा तलाव आहे. नागपूरकराला तिथे जाण्यासाठी वेगळे आमंत्रण लागत नाही. अडचणी आहेत. वर विजेच्या तारा असल्यामुळे टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यावर, चढून कोळसा ओढणे किंवा पाणी भरणे जिवावर बेतू शकते, म्हणून ती कामे तारांखाली न करता तारा नसलेल्या रुळावरच करण्याची व्यवस्था हवी. वाफेच्या इंजिनांचा ब्रेक हवा काढून घेण्याच्या तत्त्वावर चाले आणि आजचे डबे दाबाच्या हवेवर थांबतात, त्यामुळे एक तर जुने डबे जपायला हवेत किंवा इंजिनावर नवी यंत्रणा बसवायला हवी. इंजिनात पाणी भरायचे पूर्वीचे नळ आणि इंजिन फिरवायचे चक्र बहुतेक ठिकाणाहून गेले आहेत. पाणी अग्निशमन दलाच्या टँकरने देता येते. इंजिन फिरवता आले नाही तर परतीला उलटे चालवावे लागेल किंवा मागे डिझेल इंजिन जोडावे लागेल. देशात इतरत्र हे प्रश्न सोडवले गेले आहेत, नागपुरातही सुटतील.

खरी अडचण रुळांवर नाही, कार्यालयांत आहे. नागपुरात रेल्वेचे दोन विभाग आहेत. मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाचे वरिष्ठ मुंबईत बसतात, दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाचे बिलासपूरला. ऐतिहासिक स्थानक एकाकडे, मोतीबागचे संग्रहालय आणि रामटेकचा फाटा दुसऱ्याकडे. वारशाचे काम दोन्हींकडे मुख्य कामाच्या पलीकडचे मानले जाते. एखादा अधिकारी मनापासून त्यात लक्ष घालतो आणि दोन-तीन वर्षांत त्याची बदली होते, मग त्याने सुरू केलेले काम तिथेच राहते. बंगाल-नागपूर रेल्वेच्या प्रचंड गॅरट इंजिनांपैकी एक आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. ज्या कंपनीच्या नावात आपल्या शहराचे नाव होते, तिचे सर्वांत बलाढ्य यंत्र पाहायला नागपूरच्या मुलाने दिल्लीला जावे लागते, याचे एक कारण मला या विभागणीत दिसते. दोन्ही विभाग, महापालिका, जिल्हा प्रशासन आणि निवृत्त रेल्वे कर्मचारी यांचे एकच कायमस्वरूपी मंडळ नेमल्याशिवाय आणि त्याला स्वतःचा निधी व स्वतःचे कर्मचारी दिल्याशिवाय यातले काहीही टिकणार नाही.

या मंडळात नागरिकांना खरे स्थान हवे. वेल्समधली टॅलिलिन ही छोटी रेल्वे बंद पडायला आली तेव्हा १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी ती चालवायला घेतली आणि आजही ती धावते. ब्रिटनमध्ये अशा कितीतरी लाईनी शिक्षक, कारकून, दुकानदार, निवृत्त कामगार सुटीच्या दिवशी राबून चालवतात. आपल्याकडे सुरक्षेच्या नावाखाली नागरिकाला रेल्वेच्या कुंपणाबाहेर ठेवण्याची सवय आहे. रुळांवर वाटेल त्याला सोडावे असे मी म्हणत नाही. पण प्रशिक्षण देऊन, परीक्षा घेऊन, ओळखपत्र देऊन संग्रहालयातल्या इंजिनाचे पितळ घासण्यापासून सुरुवात करू देण्यात कोणता धोका आहे? नागपुरात असे हात पुढे येतील. अजनीची झाडे तोडू नयेत म्हणून रस्त्यावर उतरलेली तरुण मुले या शहराने पाहिली आहेत. आपल्या परिसराविषयी आस्था नसलेली ही पिढी नाही, तिला आत येऊ देणारे दार मात्र नाही.

एम्प्रेस मिलचे उदाहरण अजून ताजे आहे. जिथे हजारो कामगारांनी सूत कातले आणि मजूर चळवळ घडवली, तिथे आज मॉल आहे आणि मिल कशी चालत होती हे दाखवणारा एकही चालता माग त्या जागेवर नाही. मिल बंद पडणे कदाचित टाळता आले नसते. पण एक माग, एक विणकर आणि त्याच्याकडून शिकणारी दोन मुले ठेवणे शक्य होते, आणि ते केले गेले नाही. रेल्वेच्या बाबतीत अजून ती वेळ गेलेली नाही, कारण इंजिने उभी आहेत, रामटेकचा फाटा आहे आणि माहीतगार माणसे, थोडी का होईना, आहेत.

म्हणून पहिले पाऊल इंजिन आणण्याचे नसावे. येत्या हिवाळ्यात दोन्ही विभागांनी निवृत्तिवेतनाच्या नोंदींवरून वाफेवर काम केलेल्या ड्रायव्हर, फायरमन, बॉयलर फिटर आणि शेडमधल्या खलाशांची यादी करावी, त्यांना मोतीबागेत बोलवावे आणि संग्रहालयातल्या एका इंजिनाशेजारी उभे राहून त्यांचे बोलणे चित्रित करावे. आयटीआयची दहा-बारा मुले त्यांच्याबरोबर द्यावीत आणि बॉयलरची तपासणी कशी करतात इथपासून शिकवायला सुरुवात करावी. कोणते इंजिन पुन्हा पेटू शकते, त्याच्या कोणत्या नळ्या बदलाव्या लागतील, किती खर्च येईल, हे त्या तपासणीतून कळेल, आणि तो आकडा मग जाहीर करावा, म्हणजे नागपूरकरांना त्यावर बोलता येईल.